शून्य की रिकामी चौकट? मुंबई सिटीच्या विक्रमांचं वाचन

मागच्या लेखात आपण दुय्यम माहितीबद्दल बोललो. म्हणजे जी आपण स्वतः गोळा केलेली नाही, कुणीतरी आधीच जमवून, रकाने पाडून ठेवलेली आहे, ती. त्यावर शारीरिक शिक्षण विषयात पेटची तयारी करणाऱ्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: ताई, खेळाची आकडेवारी तर आयती आणि स्वच्छ असते. गोल झाला तर झाला, नाही तर नाही. त्यात संशोधकाने तपासायचं काय?

तेच आज बघू. उदाहरण म्हणून मुंबई सिटी एफसी हा व्यावसायिक क्लब घेऊ. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्यानंतरच्या हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, महाराष्ट्राकडून हाच एक क्लब खेळत आला. स्थापना २०१४ ची, त्यामुळे सगळा इतिहास एका बैठकीत वाचून होतो. आणि महाराष्ट्रातल्या फुटबॉलवर सिनॉप्सिस लिहायला बसलेला माणूस पहिल्याच दिवशी याच क्लबच्या तक्त्यापाशी येऊन पोचतो.

आधीच सांगते, या क्लबचे आकडे खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. निकाल पक्के आहेत. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. 'सर्वाधिक', 'पहिला', 'घरच्या मैदानावर', 'विजेतेपदं' असे रकाने पाडून जे तक्ते सगळीकडे फिरतात, त्यांत आकडा छापतात आणि तो कशाचा आकडा आहे हे छापायचं विसरतात. प्रेक्षकाला चालतं. तुम्हाला चालणार नाही, कारण व्हायवाच्या वेळी समोरचा माणूस नेमकं तेच विचारतो.

सोप्या जागेपासून सुरू करू. २०२२-२३ च्या हंगामात मुंबई सिटीने साखळी फेरीत ४६ गुण मिळवले, २०२३-२४ मध्ये ४७. 'क्लबची सर्वाधिक गुणसंख्या' असा रकाना असेल तर त्यात ४७ बसणार. आता दोन्ही हंगामांची लांबी बघा. पहिल्यात २० सामने, दुसऱ्यात २२. मधल्या काळात पंजाबचा संघ दाखल झाला आणि ११ संघांची स्पर्धा १२ संघांची झाली. म्हणजे ४७ हा आकडा दोन सामने जास्त खेळून आलेला आहे.

आपल्याकडे हे समजवायला खरं तर फुटबॉलची गरज नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवर काम केलेल्या कुणालाही विचारा. मानक बोरा म्हणजे हजार पुडे, हे सगळीकडे सारखं. पण महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा आणि छत्तीसगडात ५० पानांचा. गडचिरोलीतल्या एका बोऱ्यात ७० हजार पानं, सीमा ओलांडली की ५० हजार. दोन्हीकडचे बोरे शेजारी-शेजारी ठेवून 'इकडे कमी, तिकडे जास्त' असा निष्कर्ष कुणी काढला तर फळीवरची बाई हसेल. आयएसएलमधला 'हंगाम' हाही असाच बोरा आहे. २०१४ ते २०१६ या काळात त्यात साखळीचे १४ सामने होते. पुढचे तीन हंगाम १८, त्यापुढचे तीन २०, मग २२, आणि २०२४-२५ मध्ये २४. नाव तेच, आतली पानं वेगळी.

मग पानं मोजा. २०२२-२३: सामन्यामागे २.३० गुण. २०२३-२४: २.१४. क्लबचा 'विक्रमी' हंगाम एका झटक्यात दुसऱ्या क्रमांकावर जातो. आणि गंमत अशी की ४६ गुणांच्या वर्षी मुंबई सिटी साखळीत पहिली होती, ४७ च्या वर्षी दुसरी. मोहन बागान ४८ गुणांवर होता आणि शेवटच्या सामन्यात त्याने मुंबईलाच २-१ असं हरवून पहिला क्रमांक घेतला. हाच हिशेब मोहन बागानलाही लावा. २०२४-२५ मध्ये त्यांनी ५६ गुण मिळवले. मुंबईच्या ४६ पेक्षा १० जास्त, केवढा फरक वाटतो! सामन्यामागे काढलं तर २.३३. म्हणजे तफावत तीन शतांशाची.

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण 'सरासरी काढली, झालं' असं मानणारेही पुष्कळ भेटतात. सरासरीने लांबीचा प्रश्न सुटतो, प्रतिस्पर्ध्यांचा सुटत नाही. २०२४-२५ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग नव्याने आला आणि तळाला राहिला. साखळीत तळाचा संघ वाढला की वरच्या संघांना गुण मिळवायला आणखी दोन सामने मिळतात. त्यामुळे २.३० आणि २.३३ यांतला कोणता हंगाम 'चांगला' हे या दोन आकड्यांवरून ठरत नाही. ते ठरवायचं असेल तर गोल, गोलफरक आणि कोणाविरुद्ध किती गुण हे उघडून बघावं लागेल. मुंबईने त्या हंगामात २० सामन्यांत ५४ गोल केले, २१ खाल्ले, पहिल्या १८ सामन्यांत एकही हार नाही. शेवटचे दोन सामने हरले, तेही पहिला क्रमांक पक्का झाल्यावर. माझ्या मते क्लबचा सर्वोत्तम हंगाम हाच.

पण विजेतेपदांची यादी असं म्हणत नाही. यादीत २०२०-२१ वर आहे, कारण त्या वर्षी दोन गोष्टी जिंकल्या: साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची लीग विनर्स शील्ड आणि बाद फेरीनंतरचा आयएसएल चषक. साखळीत ४० गुण, मोहन बागानचेही ४०. शेवटच्या सामन्यात मुंबईने त्यांना २-० हरवून बरोबरी केली आणि वर गेले. अंतिम सामना १३ मार्च २०२१ ला गोव्यात फातोर्ड्याला, पुन्हा मोहन बागानशीच, २-१, बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाचा गोल. सुंदर हंगाम होता, नाही म्हणत नाही. २०२२-२३ मध्ये मात्र उपांत्य फेरीत बंगळुरूविरुद्ध शूटआउटमध्ये ९-८ अशी हार झाली आणि चषक हुकला. यादीत एक ओळ कमी.

त्या रात्रीचा निकाल तक्त्यात कसा जातो तेही बघा. पहिला सामना मुंबई ०-१ हरली होती. दुसरा २-१ जिंकली. एकूण २-२, म्हणून पेनल्टी. 'विजय-बरोबरी-पराभव' या रकान्यांत दुसरा सामना 'विजय' म्हणून मोजला जातो. म्हणजे ज्या रात्री क्लब स्पर्धेबाहेर पडला ती रात्र विजयाच्या टक्केवारीत भर घालते. चूक नाही, शूटआउट हा सामन्याचा भाग धरत नाहीत हा नियमच आहे. पण बाद फेरीतल्या कामगिरीवर प्रबंध लिहिणाऱ्याने हा नियम न सांगता टक्केवारी दिली तर वाचणारा फसतो.

आता लेखाच्या नावातली चौकट. २०१६ च्या हंगामात मुंबई सिटी साखळीत पहिली आली होती. १४ सामने, २३ गुण, प्रशिक्षक अलेक्झांडर गिमाराइश, संघात उरुग्वेचा दिएगो फोर्लान. उपांत्य फेरीत कोलकात्याच्या एटीकेकडून हरले आणि एटीकेने चषक नेला. विजेतेपदांच्या यादीत २०१६ समोर मुंबईच्या नावावर काही नाही. का? कारण साखळीतल्या पहिल्या क्रमांकासाठी तेव्हा पारितोषिकच नव्हतं. शील्ड सुरू झाली २०१९-२० पासून, पहिली मिळाली एफसी गोवाला.

म्हणजे तेच काम, साखळीत सगळ्यांच्या वर राहण्याचं, २०१६ मध्ये केलं तर नोंद नाही आणि २०२१ मध्ये केलं तर शील्ड. 'मुंबई सिटीने साखळी किती वेळा जिंकली' या प्रश्नाला शील्ड मोजून उत्तर दिलंत तर दोन, गुणतक्ते मोजून दिलंत तर तीन. २०१६ ची चौकट रिकामी आहे, तिथे शून्य नाही. शून्य म्हणजे संधी होती, मिळालं नाही. रिकामी म्हणजे मोजायची व्यवस्थाच नव्हती. एक्सेलमध्ये दोन्ही सारखेच दिसू शकतात, आणि एकदा कुणी रिकाम्या चौकटींत शून्य भरून बेरीज मारली की मग काय होतं ते संख्याशास्त्राच्या कोर्सवर्कमध्ये शिकाल.

घरच्या मैदानाचंही असंच. मुंबई सिटी सुरुवातीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळायची, २०१६ पासून अंधेरीच्या मैदानावर. पण करोनाच्या काळात, २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम गोव्यात झाले. खेळाडू बायोबबलमध्ये, दारं बंद. तरी वेळापत्रकात प्रत्येक सामन्याला एक 'यजमान' होता. दोन हंगामांत मिळून साखळीचे २० सामने कागदावर मुंबईचे घरचे आहेत आणि त्यातला एकही मुंबईत झालेला नाही. घरच्या मैदानाचा फायदा हा खेळशास्त्रातला खूप अभ्यासला गेलेला विषय आहे: ओळखीचं मैदान, प्रवास नाही, प्रेक्षकांचा आवाज, त्याचा पंचांवर पडणारा दाब. गोव्यातल्या त्या सामन्यांत यातलं काहीच नव्हतं. तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर ते २० सामने 'घरचे' म्हणून धरू नका. पण फेकूनही देऊ नका! प्रेक्षक आणि प्रवास दोन्ही काढून टाकल्यावर यजमानपद नुसतं नावापुरतं उरतं, तेव्हा निकाल कसे लागतात, हे बघायला याहून चांगली तुलना सहज मिळणार नाही. एकाच्या दृष्टीने बिघडलेली माहिती दुसऱ्यासाठी प्रयोग असते.

'पहिला' या शब्दाकडे वळू. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. यातलं 'गट साखळीत' हे सजावटीचं विशेषण नाही, ते कुंपण आहे. ते काढलंत तर विधान खोटं होतं, कारण २०१६ मध्ये मोहन बागानने याच स्पर्धेच्या पात्रता फेरीत सिंगापूरच्या टॅम्पाइन्स रोव्हर्सला ३-१ हरवलं होतं. मथळ्यात जागा कमी म्हणून पत्रकार कुंपण काढतो, तिथून उचलणारा विद्यार्थी ते तसंच प्रबंधात आणतो.

याच स्पर्धेतला पुढचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. २०२२ मध्ये मुंबई गटात दुसरी आली, सहा सामन्यांत सात गुण. ऐकायला जोरदार. उघडून बघितलं तर दोन्ही विजय एकाच संघावर, त्याच एअर फोर्स क्लबवर. केलेले गोल ३, खाल्लेले ११, त्यातले सहा एकट्या अल शबाबविरुद्धच्या एका सामन्यात. २०२३-२४ मध्ये पुन्हा त्याच स्पर्धेत सहा सामने, सहाही पराभव, १ गोल केला, १७ खाल्ले. 'गटात दुसरा क्रमांक' हा क्रम आहे, अंतर नाही. मोजमापाच्या पातळ्या शिकताना क्रमसूचक आणि अंतरसूचक असा फरक पाठ करता ना, तो इथे जिवंत दिसतो. त्या एका विजयाचं मोल मी कमी करत नाही. एफसी गोवाने आदल्या वर्षी तीन बरोबरी साधल्या होत्या, जिंकता आलं नव्हतं. ती भिंत मुंबईने ओलांडली. फक्त 'भारतीय क्लब आशियाई दर्जाला पोचले' हे वाक्य त्यावर उभं राहत नाही.

प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या हिशेबात आणखी एक पेच आहे. २०१६ ची उपांत्य फेरी मुंबई एटीकेविरुद्ध हरली. २०२१ चा अंतिम सामना एटीके मोहन बागानविरुद्ध जिंकली. ४ मे २०२४ चा अंतिम सामना, ३-१, मोहन बागान सुपर जायंटविरुद्ध. हे एकच प्रतिस्पर्धी की तीन? एटीके २०१४ मध्ये जन्मला. मोहन बागान १८८९ चा. २०२० मध्ये दोघं एकत्र आले, मग २०२३ मध्ये 'एटीके' नावातून गेलं. 'मुंबई विरुद्ध मोहन बागान' असा एक रकाना केलात तर त्यात २०१६ घ्यायचं की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागेल आणि कारण लिहावं लागेल.

आपल्या जिल्ह्यांवर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला. १९८१ च्या जनगणनेतलं 'चंद्रपूर' आणि १९९१ च्या जनगणनेतलं 'चंद्रपूर' ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत. लोकसंख्येचा आलेख काढताना ही रेघ विसरलात तर १९८१ ते १९९१ या काळात चंद्रपुरातून लाखो माणसं गायब झाल्यासारखी दिसतील. तालुकानिहाय आकडे घेऊन जुना जिल्हा नव्या हद्दीत बसवायचा, हा त्यावरचा उपाय आपण वापरतोच. क्लबांच्या बाबतीत तालुके नसतात, म्हणून तिथे निदान तळटीप तरी हवी.

आणि आता ज्यासाठी मी हा क्लब निवडला ती गोष्ट. समजा तुमच्या सिनॉप्सिसचं नाव आहे 'महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉलचा विकास', आणि माहिती म्हणून तुम्ही मुंबई सिटीचा तक्ता जोडलात. तक्ता २०१४ पासून सुरू होतो. त्यामुळे महाराष्ट्राचा फुटबॉलही २०१४ पासून सुरू होतो. मग २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणाऱ्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचं काय? त्यांनी २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषकही घेतला होता. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि त्याचा वारस कुणीच नाही. मुंबई सिटी त्यांची परंपरा सांगत नाही, सांगण्याचं कारणही नाही, तो वेगळा क्लब आहे. पण 'मुंबई शहराचं पहिलं राष्ट्रीय साखळी विजेतेपद' आणि 'मुंबई सिटी क्लबचं पहिलं विजेतेपद' यांत पंधरा वर्षांचं अंतर आहे. एकक शहर आहे की क्लब, एवढ्या एका शब्दाने.

गोव्यातल्या धेंपो क्लबचं दुखणं याहून मोठं. राष्ट्रीय लीग दोनदा, २००४-०५ आणि २००६-०७. मग आय-लीग तीनदा, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पाच राष्ट्रीय विजेतेपदं. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच दोन क्लबांसोबत त्यांनी आय-लीग सोडली. आयएसएलचे विक्रम वाचणाऱ्याला धेंपो हे नाव कुठे दिसणारच नाही. 'लीगच्या इतिहासातील' या शब्दांत 'लीग' म्हणजे २०१४ पासूनची एक विशिष्ट स्पर्धा हे उघडपणे लिहिलेलं नसतं, आणि वाचणारा ते 'भारताच्या इतिहासातील' असं वाचतो. आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक मुंबई सिटीच्या आंद्रे मॉरित्झची, पुण्याविरुद्ध २०१४ मध्ये. भारतीयाची पहिली सुनील छेत्रीची, तीही मुंबईकडूनच, २०१५ मध्ये नॉर्थईस्टविरुद्ध. दोन्ही बरोबर. पण यातलं 'आयएसएलमधली' काढलं तर छेत्रीच्या आधी भारतात कुणी हॅटट्रिक केलीच नव्हती असा अर्थ होईल, आणि ते तर छेत्री स्वतःही हसण्यावारी नेईल.

महिंद्रा, धेंपो यांची नावं निदान दुसऱ्या तक्त्यांत सापडतात. आपल्या दोन जिल्ह्यांत व्यावसायिक क्लब नाही, त्यामुळे तक्त्यात आपली ओळच नाही. नागपूर-कामठीकडची जुनी फुटबॉल परंपराही आयएसएलच्या आकड्यांत दिसत नाही, मग अहेरी, धानोरा, राजुरा कुठून दिसणार? अशा वेळी प्रस्तावनेत 'पूर्व विदर्भात फुटबॉल रुजला नाही' असं वाक्य लिहायचा मोह होतो. पुरावा काय? तक्त्यात नाव नाही. ही पुन्हा तीच चूक, रिकाम्या चौकटीत शून्य भरण्याची. फरक एवढाच की २०१६ च्या मुंबई सिटीचं काही बिघडत नाही, त्यांचे गुणतक्ते जपलेले आहेत. इथे मात्र त्या वाक्यावर पुढचं वाक्य बसतं, 'म्हणून या भागात सोयींची मागणी नाही', आणि ते प्रबंधातून अहवालात जायला वेळ लागत नाही.

यावर करता येण्यासारखं काम आहे आणि ते तुमच्यापैकी कुणीही करू शकतं. गावच्या, आश्रमशाळेच्या, महाविद्यालयाच्या स्पर्धांचे निकाल कुठे ना कुठे लिहिलेले असतात. मंडळाच्या वहीत, क्रीडाशिक्षकाच्या डायरीत, ढालीच्या मागच्या बाजूला, उद्घाटनाच्या पत्रिकेवर. ते उतरवताना निकालासोबत आणखी थोडं लिहा: संघात किती जण, सात की अकरा, अर्धा किती मिनिटांचा, बरोबरी झाली तर काय केलं, जादा वेळ, पेनल्टी की नाणेफेक, स्पर्धेला किती संघ, आणि बाहेरून खेळाडू घ्यायला परवानगी होती का. वहीत हे नसतं, कारण लिहिणाऱ्याला ते माहीतच होतं. त्या स्पर्धेत शिट्टी वाजवलेला माणूस अजून गावात असेल तर त्याला विचारा, आणि त्याने सांगितलेलं वहीतल्या नोंदीपासून वेगळ्या रकान्यात ठेवा, तारीख टाकून. जिथे कुणालाच आठवत नाही तिथे '०' लिहू नका, आडवी रेघ मारा.